सातबाऱ्याला शिकवून झालं असेल, तर आता आम्हाला शिकवा

प्रति,
राज्याचे कृषिमंत्री आणि ग्रामविकास मंत्री, दोन्ही खात्यांत शेती प्रशिक्षणाचं नियोजन करणारे अधिकारी आणि कृषी विद्यापीठांतले शास्त्रज्ञ यांना,

स. न. वि. वि.

यंदा खरिपाच्या आधी आमच्या भागात हवामान अनुकूल शेतीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण जाहीर झालं. पत्रकावर ‘महिला व युवकांसाठी’ असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. गावातल्या बचत गटांच्या आमच्या ग्रामसंघाने लगेच नावं दिली. दोन दिवसांनी आयोजक संस्थेचा निरोप आला, की प्रत्येक नावापुढे शेतकरी ओळखपत्राचा क्रमांक लिहून पाठवा, क्रमांक नसेल तर नाव घेता येणार नाही. यादीतल्या बहुतेक बायांकडे तो नव्हता. कोणाची जमीन सासऱ्याच्या नावावर, कोणाची दिराच्या, कोणी बटईने करते, कोणी नुसतीच रोजाने जाते. मग त्यांच्याऐवजी घरातल्या पुरुषांची नावं गेली. प्रशिक्षणाच्या दिवशी फोटोची वेळ आली तेव्हा सभागृहात बाया कमी दिसतात असं कोणाच्या तरी लक्षात आलं. आशाताईंना आणि अंगणवाडीच्या ताईंना बोलावून पहिल्या रांगेत बसवलं गेलं. फोटो चांगला आलाय.

एका संस्थेची चूक म्हणून मी हे सोडून दिलं असतं. पण तिने वरचा नियमच खाली आणला होता. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याने कृषी योजनांसाठी शेतकरी ओळखपत्र बंधनकारक केलं आणि ते ओळखपत्र सातबाऱ्याला जोडलेलं आहे. बोगस लाभार्थी गाळायचे, अनुदान थेट खात्यात जायचं, हा हेतू मला पटतो. ठिबकचं अनुदान द्यायचं तर जमीन कोणाची हे बघावंच लागेल. पण सोयाबीनच्या बियाची उगवण कशी तपासायची हे सांगायला जमिनीचा मालक कशाला लागतो? अनुदानाची चाळणी शिकवण्यालाही लावली गेली, की शेतात राबणारी निम्म्याहून जास्त माणसं वर्गाच्या बाहेर राहतात. माझं हे पत्र त्याबद्दल आहे.

मी लातूरकडच्या मांजरा नदीच्या खोऱ्यातली. सासऱ्यांच्या नावावर साडेतीन एकर रान आहे, शिवाय शेजारचा एक तुकडा आम्ही बटईने करतो. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि घरापुरती ज्वारी. बारावीपर्यंत शिकले, ग्रामसंघाचा हिशेब लिहिते. नवरा मालवाहू गाडीवर चालक आहे, आठवड्यात एखादी रात्र घरी असतो. पेरणी कधी धरायची, कोणतं बी ठेवायचं, फवारणीला माणूस कधी सांगायचा, हे मी ठरवते. आमच्या गल्लीत अशी बरीच घरं आहेत. पुरुष पुण्याला, चाकणला, नाहीतर गाडीवर, रान बाईकडे.

देशाचंही चित्र वेगळं नाही. २०२३-२४ च्या केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायांपैकी तीन शेतीत आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायांच्या नावे असलेली वहिती खाती मात्र १४ टक्क्यांच्या आसपास भरली. या दोन आकड्यांच्या मधे ज्या बाया उरतात, त्या आपल्या प्रशिक्षणाच्या यादीत कुठे बसतात, हे कृपया सांगावं. आणि हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं असंही नाही. केंद्राच्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकरी कोण, याच्या व्याख्येत कूळ, बटईदार आणि शेतमजूर यांनाही धरलेलं आहे. आपल्या राज्यात तर १९८६ ला चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन झालं, पुढे घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा म्हणणारी लक्ष्मीमुक्तीची चळवळ झाली, १९९२ ला बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी शासनाने निर्णय काढला. त्यालाही आता तीस वर्षांवर झाली. माझ्या सासऱ्यांना त्या निर्णयाबद्दल मी विचारलं, तर ते म्हणाले, “असंल कायतरी.”

आता हवामानाचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी भरून लातूरला आणावं लागलं, ते याच मांजरेच्या खोऱ्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मांजरेचं पाणी उभ्या सोयाबीनवरून वाहिलं. नदीकाठच्या कित्येक रानांत माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. ऑक्टोबरात सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातलं कोणाला किती मिळालं, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. पण नुकसान झाल्यावर एवढे पैसे काढावे लागतात, तर नुकसान थोडं कमी व्हावं म्हणून शिकवण्यावर जो खर्च होतो तो तरी नीट व्हावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

हवामान अनुकूल शेती या नावाखाली आपण जे शिकवता ते मी लक्ष देऊन ऐकलंय, वाचलंय. त्यातलं बरंचसं बायांच्या हातचं काम आहे. घरचं सोयाबीन बी म्हणून ठेवायचं तर मळणीच्या वेळी दाणा फुटू न देणं, पोतं आपटू न देणं, थप्पी ओलीवर न लावणं, हे सगळं बाई बघते. सोयाबीनच्या बियाचं वरचं टरफल इतकं नाजूक, की दोन वेळा पोतं जोरात टाकलं तरी उगवण घटते. मेमध्ये ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्याने कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी तीस किलो बी, त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो जास्त, आणि साठच्याही खाली आले तर ते बी पेरायचंच नाही. या एवढ्याशा चाचणीने दुबार पेरणीचं एक कारण तरी जातं. हे करायला यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही, कोणाची सही लागत नाही. तरी आमच्या गावात ही चाचणी वर्षानुवर्षं पुरुषांना सभागृहात पडद्यावर दाखवली जाते आणि घरी आल्यावर बायकोला कोणी सांगत नाही.

बीजप्रक्रियेचं तर याहून वाईट आहे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियमसारखं जिवाणू खत, हा क्रम चुकला तर जिवाणू मरतात आणि पैसे पाण्यात जातात. हे बी चोळतं कोण? पेरणीच्या दिवशी पहाटे अंगणात ताडपत्रीवर बसून, हातमोजे न घालता, आम्ही चोळतो. तेच हात धुऊन भाकरी थापतो. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, त्यानंतर फवारणी करणाऱ्यांसाठी संरक्षक किटचं खूप बोललं गेलं. बी चोळणाऱ्या, फवारणी चालू असताना डोक्यावरून पाणी आणून देणाऱ्या बायांना त्या किटमध्ये कोणी धरलं नाही.

ही झाली पहिली तक्रार, आणि सगळ्यांत मोठी : काम एकीचं आणि शिक्षण दुसऱ्याला.

दुसरी तक्रार वेळेची आणि जागेची. प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, सकाळी साडेदहाला. एसटी गावातून निघते आठला, परतीची साडेपाचला. त्या दिवशी धारा कोणी काढायच्या, लेकराला कुठे ठेवायचं, आणि खुरपणीचा रोज बुडतो त्याचं काय? जेवण देतात, हे मान्य. बुडालेला रोज देत नाहीत. जिच्या घरी दुसरी बाई आहे तीच येऊ शकते, म्हणून बहुतेक वेळा सासवा येतात. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनाही चार घटका बाहेर बसायला मिळतं. पण रानात वाकणारी सून घरीच असते. आपल्या अहवालात ‘महिला उपस्थिती’ असा एकच रकाना असतो, त्यात सासू-सुनेचा फरक कळायचा नाही. वेळापत्रकही असंच. आर्थिक वर्ष संपायच्या आत पैसे खर्च करायचे म्हणून मार्चमध्ये प्रशिक्षणांचा पाऊस पडतो. तेव्हा हरभऱ्याची काढणी असते, ज्वारी काढायची असते. खरिपाच्या तयारीचं शिकवायला माणूस येतो तो जूनच्या शेवटी, पेरणी उरकल्यावर.

तिसरी तक्रार : शिकवता ते करायचं साधन गावात नसतं. बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडत पेरणाऱ्या यंत्राचं उदाहरण घ्या. रुंद वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी, दोन्ही बाजूंना सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर मुरलेली ओल कामी येते, बी पण वीस-पंचवीस टक्के वाचतं. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे जुलै कोरडा आणि सप्टेंबर बुडवणारा असतो, तिथे याच्याइतकी कामाची गोष्ट नाही. हे आम्हाला पुरतं पटलंय. पण यंत्र पाच-सहा गावांत मिळून एखादं, ते ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याच्या दारात. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतो तो दोन-तीन दिवसांचा. त्या दिवसांत तो आधी आपलं पेरतो, मग भावकीचं, मग सलग दहा एकर असणाऱ्यांचं. साडेतीन एकरवाल्या बाईचा नंबर लागेपर्यंत जमीन वाळते नाहीतर दुसरा पाऊस येतो.

यावर तोडगा विद्यापीठानेच सांगितलेला आहे आणि तो मला प्रशिक्षणात नाही, एका कृषिकन्येकडून कळला. ती पदवीच्या शेवटच्या वर्षात गावात राहायला आलेली मुलगी. यंत्र नसेल तर नेहमीच्या पाभरीनेच पेरायचं, फक्त ठरावीक ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडायची आणि कोळपणीच्या वेळी कोळप्याला दोरी गुंडाळून त्या मोकळ्या जागेत सरी पाडायची. पट्टा पेर म्हणतात त्याला. आमच्या गटातल्या तिघींनी गेल्या खरिपात ते केलं. ऑगस्टच्या पावसात शेजारच्या सपाट रानात पाणी साचून सोयाबीन पिवळं पडलं, यांच्या रानातलं पाणी निघून गेलं. सप्टेंबरच्या पुरापुढे मात्र सरी, वरंबा काहीच टिकलं नाही. कोणतीही पद्धत सगळ्या संकटांना पुरत नाही, हे प्रशिक्षणात सांगणाराही कोणीतरी असावा. तिथे सगळं यशस्वीच असतं.

कृषी सखींबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथे आपण योग्य वाटेवर पाऊल टाकून मधेच थांबलात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या कृषी आणि ग्रामविकास मंत्रालयांत करार झाला, बचत गटांतल्या बायांना ५६ दिवसांचं प्रशिक्षण देऊन कृषी सखी म्हणून प्रमाणपत्र द्यायचं ठरलं. पहिल्या बारा राज्यांत महाराष्ट्र होता. जून २०२४ मध्ये वाराणसीत पंतप्रधानांच्या हस्ते तीस हजारांहून अधिक कृषी सखींना प्रमाणपत्रं दिली गेली. विचार चांगला आहे. गावातली बाई, गावातल्याच भाषेत, बांधावर उभी राहून सांगते तेव्हा आम्ही ऐकतो. मातीचा नमुना कसा घ्यायचा, पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून शंभर लिटर पाण्यात पाच टक्क्यांचा अर्क कसा करायचा, कामगंध सापळ्यात किती पतंग पडले म्हणजे काळजी करायची, हे मी आमच्या भागातल्या सखीकडून शिकले.

पण तिला प्रमाणपत्राशिवाय काय आहे? मानधन कामाच्या हिशेबाने आणि तेही कधी येईल याचा भरवसा नाही. प्रवासाचं भाडं ती पदरचं घालते. ती ग्रामविकास खात्याच्या उमेद या बचत गटांच्या अभियानातली, गावाचा सहायक कृषी अधिकारी कृषी खात्याचा. त्याने शेतीशाळा, म्हणजे शेतातच भरणारा वर्ग, ठेवली तर हिला निरोप नसतो, हिने बैठक घेतली तर त्याला वेळ नसतो. एकाच गावात एकाच पिकासाठी दोन खाती दोन वेगळे हजेरीपट भरून घेतात. त्याचाही दोष म्हणत नाही मी, एकेका अधिकाऱ्याकडे तीन-चार गावं आणि वर पंचनाम्यांचं, ई-पीक पाहणीचं, नोंदणीचं काम. पण मग सखीला हाताशी धरण्यातच शहाणपण नाही का?

हवामानाच्या सल्ल्याचा निर्णय दिल्लीचा आहे, मला कल्पना आहे. तरी लिहिते, कारण आपण तिकडे बोलू शकता. कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, देशभरात १९९. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तालुकावार अंदाज आणि त्यावरून काय करावं याचा सल्ला मोबाइलवर यायचा. उद्या-परवा पाऊस आहे, फवारणी थांबवा, काढलेलं सोयाबीन झाकून ठेवा, अशा साध्या गोष्टी. २०२४ च्या सुरुवातीला ती केंद्रं गुंडाळली गेली. एका हाताने हवामान अनुकूल शेतीची प्रशिक्षणं आणि दुसऱ्या हाताने हवामानाचा सल्ला देणारा माणूस काढून घ्यायचा, हा हिशेब मला लागत नाही. आता आमच्याकडे अंदाज येतात ते व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्रफितींतून. ज्याचा आवाज मोठा त्याचा अंदाज खरा.

आता तरुण पोरांचं. पत्रकावर ‘युवक’ लिहिलेलं असतं आणि वर्गात पन्नाशीचे बाप्पे बसलेले असतात, कारण सातबारा त्यांच्या नावावर. पोरं येत नाहीत म्हणून आपण म्हणता त्यांना शेतीत रस नाही. माझा धाकटा दीर कृषी पदविका झालेला. दोन वर्षं गावात काढली, आता चाकणला कंपनीत कंत्राटी आहे. त्याला ठिबकचं नियोजन येतं, माती परीक्षणाचा अहवाल वाचता येतो, ट्रॅक्टरच्या अवजारांची जुळणी करता येते. गावाला या सगळ्याची गरज आहे आणि गावात यातल्या एकाही कामाला पगार नाही. वडिलांच्या साडेतीन एकरांत तो आणखी काय करणार होता? शिवाय शेतीत राहिला तर मुलगी कोण देणार, हा प्रश्न आमच्याकडे विनोदाचा राहिलेला नाही.

पोरांना शिकवायचं म्हटलं की आपण ड्रोन दाखवता. बायांसाठीही नमो ड्रोन दीदी आणली, पंधरा हजार गटांना ड्रोन, किमतीच्या ऐंशी टक्के आणि जास्तीत जास्त आठ लाख अनुदान. ज्या भागात सलग ऊस किंवा मोठे पट्टे आहेत तिथे चालत असेल, नाकारत नाही. आमच्याकडे दोन एकराच्या तुकड्यात तूर उंच, सोयाबीन ठेंगणं, वरून विजेच्या तारा, बांधावर लिंब. गावातल्या दहा पोरांना आणि पोरींना बीबीएफ चालवायला, त्याची चाकं आणि तबकड्या बदलायला, ठिबकच्या नळ्या साफ करायला, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा वाचून फळ्यावर लिहायला शिकवा आणि त्याचे पैसे द्या. हे दिसायला साधं आहे, उद्घाटनाला रिबीन बांधता येणार नाही, म्हणून ते होत नाही असा माझा संशय आहे. कृषी महाविद्यालयांतले कृषिदूत, कृषिकन्या दर वर्षी गावात येऊन राहतात, प्रात्यक्षिकं करतात, फोटो फायलीत लावून जातात. प्रत्येकीबरोबर गावातली एक मुलगी, एक मुलगा जोडून दिला, तर ते गेल्यावर ती कामं कोणाच्या तरी हातात राहतील.

सगळंच वाईट आहे असं म्हणायला मी बसलेले नाही. राज्याच्या पोकरा या हवामान अनुकूल शेतीच्या प्रकल्पाने २०१८ पासून गावागावांत शेतीशाळा नेल्या, ती पद्धत मला मनापासून आवडते. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातासाठी सुरू झालेली ही कल्पना : वर्ग शेतात, पेरणीपासून काढणीपर्यंत, ठरावीक दिवसांनी त्याच प्लॉटवर जाऊन झाडं मोजायची, किडी आणि मित्रकिडी मोजायच्या आणि मग फवारायचं की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. यात शिकणारा स्वतः निर्णय घेतो. आमच्याच पट्ट्यात, किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून लातूर-धाराशिवमधल्या बायांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतला. त्यात काय पेरायचं ते त्या ठरवू लागल्या. एकट्या सोयाबीनऐवजी तिथे डाळी, तृणधान्यं, भाजीपाला आला. एक पीक गेलं तर दुसरं राहतं, आणि घरातलं ताट भरतं. २०१६ मध्ये त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या बायांना सातबाऱ्यावर नाव लागायची वाट पाहावी लागली नाही. एक एकराचा निर्णय हातात आला आणि शिकवणारं कोणी पाठीशी राहिलं, तेवढ्यावर त्या पुढे गेल्या. नाव लागायलाच हवं, ते मागणं मी सोडलेलं नाही. पण तोवर शिक्षण अडवू नका.

तर मागण्या अशा.

प्रशिक्षणासाठी शेतकरी ओळखपत्र आणि सातबारा मागू नका. ही बाई, हा मुलगा शेतात काम करतो एवढा ग्रामसंघाचा किंवा ग्रामसभेचा दाखला पुरेसा माना, आणि तसं लेखी परिपत्रक काढा. तोंडी सांगून खाली काही बदलत नाही.

वर्ग गावात आणि रानात घ्या, पूर्ण हंगाम घ्या. बियाचं आणि बीजप्रक्रियेचं मेमध्ये, सरीचं जूनच्या आधी, किडीचं खुरपणीच्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत बांधावर. ज्या वेळी बाहेरगावी नेणं भागच असेल त्या दिवसाचा रोज द्या आणि लेकरं सांभाळायला माणूस ठेवा. सुनांना आणा, त्यासाठी सासवांना आधी विश्वासात घ्यावं लागेल, ते आम्ही करू.

जे शिकवाल त्याचं अवजार ग्रामसंघाच्या ताब्यात द्या. बीबीएफची अवजार बँक बायांच्या गटाकडे असू द्या आणि पाच एकरांच्या आतल्यांचा नंबर आधी लावायचा असा नियम घाला. ते चालवायला आणि दुरुस्त करायला गावातली तरुण पोरं-पोरी मानधनावर घ्या. आधी स्वतः खर्च करा, मग अनुदान मिळेल, ही अट निदान बायांच्या गटांसाठी काढा. हातात रोकड असती तर आम्ही अनुदानाकडे बघितलं नसतं.

कृषी सखीला ठरलेल्या तारखेला ठरलेलं मासिक मानधन द्या. शेतीशाळेत तिला सहायक कृषी अधिकाऱ्याच्या बरोबरीने उभी करा, एकच हजेरीपट, एकच प्लॉट.

आत्मा, म्हणजे जिल्ह्याची कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, हिच्या मार्गदर्शक सूचनांत किमान ३० टक्के साधनं महिला शेतकऱ्यांसाठी वापरायची असं लिहिलेलं आहे. ती कुठे वापरली, कोणत्या गावात, कोणत्या कामाला, हे दर वर्षी ग्रामसभेत वाचून दाखवा. गावच्या फळ्यावर लावलंत तरी चालेल.

तालुकावार हवामान सल्ला मराठीत, आठवड्यातून दोनदा, कोणा जबाबदार माणसाच्या नावाने पुन्हा सुरू व्हावा यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करा. तोवर राज्याने आपल्या विद्यापीठांकरवी तो द्यावा.

आणि प्रशिक्षण झालं की नाही हे फोटोवरून ठरवणं बंद करा. पुढच्या हंगामात येऊन बघा : किती जणींनी गोणपाटावर दाणे मांडले, किती रानांत सरी पडली, किती घरांत बी चोळताना हातमोजे होते. तपासणीला येणारा अधिकारी बायांशी बोलेल, दारातल्या खुर्चीवर बसलेल्या पुरुषाशी बोलून परत जाणार नाही, एवढं बघा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. सत्कार होतील, फेटे बांधले जातील, साड्या वाटल्या जातील. आमच्या ग्रामसंघाच्या वतीने आधीच कळवते, की आम्हाला सत्कार नको. त्या कार्यक्रमाच्या खर्चात एक बीबीएफ यंत्र येत असेल तर ते पाठवा, मृगाच्या आधी.

या पत्राची एक प्रत ग्रामसंघाच्या ठरावासह रीतसर आवक-जावकला दिलेली आहे. उत्तर लेखी मिळावं. ते ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्याने वाचलं जाईल.

कळावे,

मांजरा खोऱ्यातली एक शेतकरी
(सातबाऱ्यावर नाव नाही)